सानिकाच्या डब्यात काय होतं

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. या पानावर लोक लिहितात ते अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आलेय, पण चहात बिस्किट बुडवत आणि निम्म्या वेळा हसत. मी बँकेत नोकरी करते. दिसतं ते आणि जुळतं ते खरं, बाकी सगळं मनाचे खेळ... असं मीच दुसऱ्यांना सांगायचे. त्यामुळे कोणी माझ्यावर हसलं तर मला राग येणार नाही.

मागच्या वर्षी जूनमध्ये माझी बदली मालेगावला झाली. नाशिकवालं नाही हो, आमचं मालेगाव जहांगीर, वाशीम रोडवरचं. माझं माहेर इंझोरी, म्हणजे मी मूळची इथलीच. नवऱ्याची कंपनी पुण्यात, तो तिकडेच राहिला. मी आणि आर्या, सहावीतली, अशा दोघी इकडे आलो. कॉलनीतल्या शेवटच्या गल्लीत घर मिळालं. पुढे लोखंडी ग्रिलचा व्हरांडा, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक दार, त्याला कायम आतून कडी. मालक अकोल्याला असतात. त्यांनी सगळं रिकामं करून, रंग देऊन घर ताब्यात दिलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आर्या जन्मापासून पुण्यात वाढलेली. इथल्या वर्गात तिचं 'मला-तुला' ऐकून पोरी खिदळायच्या. "पुणेवाली मॅडम" असं नावही पडलं. मारणं नाही, चिडवणंही फारसं नाही, नुसतं कोणी जवळ बसवून घ्यायचं नाही. तिचा शाळेचा डबा भरलेलाच परत यायला लागला. मी रागावले, तर म्हणाली, "आई, एकटीनं खाताना सगळ्या बघतात गं." होईल हळूहळू ओळख, म्हटलं. मोठी माणसं हेच म्हणतात.

ती चारला घरी यायची, मी साडेसहाला. मधल्या वेळासाठी तिच्याकडे एक साधा फोन ठेवला होता. एकदा सहज त्यातले कॉल बघितले, तर रोज एकच नंबर. घाबरत लावून पाहिला. मोबाईल कंपनीचा कस्टमर केअर होता... रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज, मराठीसाठी एक दाबा. आर्याला विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, "ती छान बोलते. 'आम्ही आपली काय मदत करू शकतो' असं विचारते." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

मग भाद्रपद आला आणि मला सुचलं, भुलाबाई मांडू.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोबा, मांडीवर बाळ. संध्याकाळी मुली घरोघरी जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आणि शेवटी खिरापत. यजमानीण खाऊ बंद डब्यात लपवून आणते, पोरी डबा कानाशी हलवून ओळखतात. गोड का तिखट? वाजते का नाही? ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. आमच्या लहानपणी ओळखता येऊ नये असा खाऊ करण्यात आयांची चढाओढ लागायची.

वाशीमच्या बाजारातून मूर्ती आणली. गल्लीतल्या मुलींना स्वतः जाऊन सांगून आले. पहिल्या दिवशी काही जणी आल्या, शंकरपाळे खाऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी कोणाची ट्यूशन, कोणाचा अबॅकस, कोणाच्या हातात मोबाईल. तिसऱ्या दिवसापासून आर्या व्हरांड्यात डबा घेऊन एकटीच बसायची, ग्रिलमधून रस्त्याकडे बघत.

मग एक दिवस सकाळी धांदलीत खिरापत करायची राहून गेली, आणि नेमका बँकेतूनही उशीर झाला. धावतपळत घरी आले, म्हटलं पोरगी हिरमुसली असेल. तर ही चक्क हसत दार उघडते. "आई, आज एक आली होती!"

"कोण गं?"

"सानिका. इथलीच आहे. आता रोज येणार आहे."

मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू.

तेव्हापासून घराची कळाच बदलली. आर्या जेवायला लागली. गुणगुणायला लागली, आणि गाणीही मी कधी न शिकवलेली. बोलण्यात "काहून" आणि "मले" आलं. फक्त एक गंमत होती. ही सानिका उलटं खेळायची. आमचा डबा ओळखायचीच नाही, स्वतःचा डबा घेऊन यायची आणि आर्यानं ओळखायचं. रात्री जेवताना आर्या माझं डोकं खायची.

"गोड नाही, तिखट नाही, आंबट पण नाही. हलवला तरी वाजत नाही. काय असेल?"

"खवा?"

दुसऱ्या दिवशी उत्तर यायचं, "खवा नाही." साय नाही, पीठ नाही, लोणी नाही. मीही ईर्षेला पेटले होते. म्हटलं, हिची आई भारी सुगरण दिसते, एकदा भेटायला हवं.

म्हणून एक दिवस मुद्दाम लवकर निघाले. उन्हं अजून कंपाउंडवर होती. फाटकाशी आले आणि आतून गाणं ऐकू आलं. दोन आवाज, दोन टिपऱ्यांच्या जोड्या. मी चपला हातात घेऊन उभी राहिले, त्यांचा खेळ मोडू नये म्हणून. गाणं संपलं आणि एक अनोळखी, जराशा घोगऱ्या आवाजाची पोर स्वच्छ बोलली,

"ओळख ना वं. कवाची वाट पाहून राह्यली मी."

मी हसत आत शिरले. आर्या एकटी होती.

समोर दुसरं आसन अंथरलेलं, त्यावर टिपऱ्यांची जोडी. मध्ये एक स्टीलचा डबा. मी मागचं दार पाहिलं, आतून कडी. न्हाणी पाहिली, पलंगाखाली पाहिलं. आर्या शांतपणे म्हणाली, "आई, मोठी माणसं आली की ती जाते."

डबा आमचा नव्हता. मी उचलला. काठाजवळ ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, जसं आपण भांड्यांवर घालून घेतो. सानिका. झाकण इतकं घट्ट बसलेलं की माझ्यानं निघालं नाही. डबा हातात तसाच धरून मी समोरच्या मंदाकाकूंकडे गेले. त्या ओट्यावर तूर निवडत होत्या. त्यांनी नाव वाचलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"हा कुठी भेटला तुले?"

"काकू, सानिका कोण?"

त्यांनी नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "बस व माय. तुह्याच घरात राहे. तिची माय सिस्टर होती दवाखान्यात. दोघीच मायलेकी. कोरोना आला तं सिस्टरची ड्यूटी तिकडंच, दिवस नाई का रात नाई. पोरगी एकलीच राहे घरात. त्या वर्षी तिनं भुलाबाई मांडली. ग्रिलमधून हाका मारे सगळ्याइले... या ना वं, खाऊ ओळखाले या."

"मग?"

"मंग काय? कोणी गेलं नाई. सिस्टरचं घर, बिमारी येईन म्हणून सारे भेत होते. आमच्या पिंकीनं लय हट्ट केला. मी दाराले कडी लावली." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "दिवाळीच्या आंदी ताप आला लेकराले. कोरोना नोता, डेंग्यू होता. दोन-चार रोजात गेली. सिस्टर मंग बदली घेऊन निघून गेली."

मी घरी आले ती घर सोडायचंच ठरवून. मला भीती माझ्या लेकीची होती. जिवंत माणसांनी दूर लोटलेली पोर दुसरीकडे कुठे ओढली जायला किती वेळ लागतो? तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, आपण पुण्याला जाऊ. आर्या घाबरली नाही. म्हणाली, "मला वाटलंच होतं. पण आई, तिचा डबा अजून कोणीच ओळखला नाही. मी पण गेले तर?"

त्या एका वाक्यावर मी थांबले. कोजागिरी दोन दिवसांवर होती. काकूंना जाऊन सांगितलं, त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या पोरींना आमच्याकडे आणा, आणि त्यांनी कोणतेही फाटे न फोडता होकार दिला.

कोजागिरीला दिवस मावळायच्या सुमारास काकू गल्लीतल्या सगळ्या मुलींना घेऊन आल्या. कोणाची ट्यूशन नव्हती, कोणाच्या हातात मोबाईल नव्हता. पिंकीही आली, आता अकरावीतली. ज्वारीच्या धांड्यांचं, म्हणजे ताटांचं, मखर केलं, गाणी झाली, व्हरांडा गच्च भरला. शेवटी आर्यानं तो डबा मध्ये ठेवला. पोरी एकेक करून हलवून ओळखायला लागल्या. पेढा, बर्फी, चिक्की, राजगिरा... झाकण काही हलेना. पिंकी डबा कानाशी धरून नुसती रडत बसली.

मग आर्यानं तो घेतला. हलवला नाही. मांडीवर ठेवून हळू आवाजात म्हणाली, "सानिका, रिकामा आहे ना गं?"

आर्या माझ्याकडे वळली. "आई, तुला उशीर झाला होता बघ, त्या दिवशी माझ्या डब्यातपण काही नव्हतं. तरी मी झाकण लावून बसले. वाटलं, ओळखायला तरी कोणी येईल. तेव्हाच ती आली."

झाकण तिच्या हातानं सहज निघालं. आत काही नव्हतं. लख्ख, कोरडा डबा.

ड्यूटीवरच्या आईच्या घरात खाऊ कोण करणार होतं? त्या पोरीनं रिकाम्या डब्याला झाकण लावलं आणि गल्लीला हाका मारल्या. कोणी ओळखलं असतं तर तिचं बिंग फुटलं असतं, तरी तिला कोणीतरी यायला हवं होतं.

त्यानंतर सानिका आली नाही. आर्याला मैत्रिणी मिळाल्या, आता ती चारनंतर घरात सापडत नाही. फक्त कधीतरी दिवेलागणीला व्हरांड्यात थांबते आणि विचारते, "आई, आता ती कोणाशी खेळत असेल?" रंग दिलेल्या रिकाम्या घरात तो डबा कुठून आला, तो आवाज कोणाचा, आर्याला ती गाणी कुठून आली... मी बँकवाली बाई, अजून मेळ लागलेला नाही.

काकूंकडून सिस्टरचा नंबर मिळाला. कितीदा काढला आणि ठेवला. आत काही होतं का, असं तिनं विचारलं तर काय सांगू? शेवटी परवा फोन केला. म्हटलं, तुमच्या मुलीचा एक डबा आमच्याकडे राहिलाय. मग ती म्हणाली, "या रविवारी या. मी घरीच आहे."

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. काल आर्यानं माझ्यासोबत बसून करंज्या केल्या, डबा काठोकाठ भरला आणि झाकण दाबून लावलं. मला बजावलंय, आत काय आहे ते सानिकाच्या आईला आधी सांगायचं नाही. त्यांना ओळखू दे.