लाल आकड्यांवरचा संशय

माझी नोकरी लेखापरीक्षणाची होती. समोरचा माणूस खरं बोलतोय असं गृहीत धरण्याचा पगार मला कधी मिळाला नाही, आणि निवृत्त झाल्यावर ही सवय सोडावी असंही काही वाटलं नाही. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांसाठी ती उपयोगी पडते. त्यामुळे आमच्या सासऱ्यांनी जेव्हा जाहीर केलं की त्यांचा कॅल्क्युलेटर चुकीची उत्तरं देतोय, तेव्हा नवऱ्याने "असेल" म्हणून पेपर उलटला, आणि मी चष्मा लावला.

सासरे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. त्यांचा हा कॅल्क्युलेटर त्यांच्या भावाने त्या काळी परदेशातून आणलेला. जाड, खिशात घातला तर खिसा लोंबेल असा, आणि आकडे लालभडक पेटणारे. दिसायला देखणे, पण वीज खाण्यात भस्म्या रोग झालेले. रोज चार्ज केला नाही तर संध्याकाळपर्यंत मान टाकतो. बॅटरी उतरली की आधी आकडे मंद होतात, मग तो वाटेल ते दाखवतो. म्हणजे तक्रारीत तथ्य असू शकत होतं.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत खाली स्कूटरींची रांग असते. चहा झाला की सासरे गॅलरीत बसून एकेक नंबरप्लेट वाचतात. चार आकड्यांतले पहिले दोन आणि शेवटचे दोन यांचा तोंडी गुणाकार करतात आणि मग कॅल्क्युलेटरवर ताडून बघतात. साइटवर जीपची वाट बघताना लागलेला हा नाद आहे. आजवर दोघांचं कधी बिनसलं नव्हतं. आता बिनसायला लागलं होतं.

मी कॅल्क्युलेटर उघडला. मूळचे सेल कधीच गळले होते, त्यांच्या जागी इलेक्ट्रिक सामानाच्या तपकीर गल्लीतून आणलेले रिचार्जेबल पेन्सिल सेल बसवलेले होते. पत्र्याच्या पट्ट्यांवर हिरवट कीट चढलं होतं, ते व्हिनेगरने पुसून काढलं. तरी दुसऱ्या दिवशी सासरे म्हणाले, "बघ, पुन्हा चुकला." मग माझा संशय सेलवर गेला. वेष्टनावर वाटेल तो आकडा छापायला काय जातं? मी मल्टिमीटर पिशवीत टाकून तपकीर गल्ली गाठली आणि नवीन सेल काउंटरवरच तपासून घेतले. दुकानदार शांतपणे बघत होता.

"काकू, मीटर तुमचा, डोळे तुमचे. आता सेलने शपथ घ्यायची का?"

"घेतली तरी मी तपासणारच," मी म्हणाले.

नवीन सेल आले, रात्रभर चार्ज झाले, तरी तक्रार तशीच. चार्जर बदलला. तक्रार तशीच. सेल परत करायला गेले तेव्हा त्या माणसाने काही न बोलता दुसरे दिले, आणि तेवढ्यानेच मला तो जास्त लबाड वाटला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

या कॅल्क्युलेटरचा एक नियम आहे. आत सेल नसताना चार्जर लावायचा नाही, सगळी वीज थेट सर्किटवर जाते आणि ते जळतं. हा नियम सासऱ्यांचाच. त्यावरून त्यांनी नवऱ्याला लहानपणी धपाटा घातला होता आणि मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सुनावलं होतं. तर एका दुपारी मी खोलीत गेले, तेव्हा सेल काढून पलंगावर ठेवलेले, चार्जरची पिन कॅल्क्युलेटरमध्ये खोचलेली आणि सासऱ्यांचं बोट भिंतीवरच्या बटणावर. मी धावत जाऊन पिन उपटली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"काही नाही. सेल मी घालते."

त्यानंतर मला दुकानदारावर संशय घ्यायचा होता. मनापासून घ्यायचा होता. पण संशय काही केल्या तिकडे वळेना. घरातल्या ज्या माणसावर मी आयुष्यात कधी संशय घेतला नव्हता, त्याच्याभोवतीच तो घुटमळत राहिला, आणि मला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चार्ज झालेले सेल त्यांच्यासमोर मीटरवर तपासले, आत घातले आणि चहा घेऊन शेजारी बसले. खाली नवीन स्कूटर होती. ४७३८.

"सत्तेचाळीस गुणिले अडतीस," ते म्हणाले. मग बराच वेळ गेला. "सोळाशे शहाऐंशी."

त्यांनी बटणं दाबली. लाल आकडे स्वच्छ पेटले. १७८६.

"बघ. शंभराने चुकला."

मी नकळत मोबाइल काढला आणि गुणाकार केला. मान वर केली तर ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. एखाद्या साइटवर भिंतीला तडा दिसला की इंजिनिअर बघतो, तसे.

"कोणाचं तपासतेस? त्याचं की माझं?"

मी मोबाइल पालथा ठेवला. "त्याचं," मी म्हणाले.

"मग काय आलं?"

खोटं सांगता आलं असतं. जन्मभर दुसऱ्यांचं खोटं पकडणाऱ्या बाईला एक तरी चांगलं खोटं जमायला हवं होतं. पण ते माझ्या तोंडाकडेच बघत होते.

"सतराशे शहाऐंशी, बाबा."

त्यांनी मान हलवली. कॅल्क्युलेटर बंद केला, मागचं झाकण सरकवलं, सेल एकेक करून बाहेर काढले आणि माझ्या हातात दिले. मला रडू आवरेना, आणि ते आपल्याला दिसलंच नाही असं त्यांनी दाखवलं.

"सेल चांगले आहेत," ते म्हणाले. "एक घड्याळात घाल, बाकीचे रिमोटमध्ये. त्या दुकानदाराला उगाच बोललीस."