मिस्टर नसलेला खेळाडू

माझं शेवटचं पोस्टिंग सिंगापूरचं बेडोक. ऑर्डर मुलीची, अश्विनीची: "बाबा, साताऱ्यात एकटं राहायचं नाही." अठ्ठावीस वर्षं इन्फंट्रीत काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, पण तिच्यापुढे माझी डाळ शिजत नाही.

त्या शनिवारी तिच्या ऑफिसातल्या साहेबांची मावशी इंग्लंडहून आली होती. जोनबाई, वय सत्तरच्या पुढे, परतीचं विमान संध्याकाळचं. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धाआधी तिकडच्या एका काउंटीकडून क्रिकेटच्या तीन मॅच खेळले, पुढे सिंगापूरला आले आणि जपानी घुसले तेव्हा लढताना गेले. देह सापडला नाही. क्रांजीच्या युद्धस्मारकाच्या भिंतीवर नाव तेवढं आहे. जोनबाईंच्या आईनं जाताना सांगितलं होतं, एकदा त्यांना फुलं वाहून ये. मिलिटरीतलं कळतं म्हणून मला सोबत धाडलं.

15:40 ला पोचलो. जोनबाई थेट एका कॅप्टनच्या नावाशी गेल्या. पूर्वी आईनं तेच शोधून ठेवलं होतं. फुलं ठेवली, डोळे पुसले आणि मला आजोबांच्या मॅचचं जुनं स्कोअरकार्ड दाखवलं.

मी अकरा वर्षं बटालियनच्या टीमचा स्कोअरर. आजोबा दहाव्या नंबरला, रन चार. वरच्या पाच जणांच्या नावाआधी 'मिस्टर' छापलेलं, आजोबांच्या आधी नाही. आमच्या क्रिकेटवेड्या सीओ साहेबांनी एकदा सांगितलं होतं, त्या काळी हौशी साहेब 'मिस्टर', पगारावर खेळणारा नुसता आडनावानं. दोघांची मैदानात उतरायची फाटकंही वेगळी.

"मॅडम, आजोबा इथे काय करायचे?" मी इंग्रजीत विचारलं.

"क्लबाचं मैदान राखायचे. बॉलिंग शिकवायचे."

मैदान राखणारा माणूस आणि त्या काळच्या इंग्रजी फौजेत कॅप्टन? मी साधा शिपाई म्हणून भरती झालेलो, मला कोण सांगणार. आडनाव आपल्याकडच्या जाधवांइतकं सर्रास. नावाचं पहिलं अक्षर जुळलं आणि आई बिचारी चकली.

फोन वाजला. अश्विनी गेटवर टॅक्सी थांबवून होती.

"बाबा, रिपोर्ट."

"माणूस चुकलाय. रजिस्टर बघतोय."

"पंधरा मिनिटं. जास्त नाही."

भिंतीवर वय नसतं, स्मारकात ठेवलेल्या नोंदींच्या रजिस्टरात असतं. कॅप्टन निघाला सत्तावीस वर्षांचा. बोट खाली सरकवत गेलो. त्याच आडनावाचे पानभर लोक. मग स्वयंसेवक दलातला एक शिपाई: वय एक्कावन्न, पत्नी एलन.

"एलन माझी आजी," जोनबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

अशा जागी पळू नये, मला कळतं. आम्ही पळालो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला मी आणि सत्तरीची बाई. इतका आनंद मला निवृत्तीनंतर झाला नव्हता.

नाव सापडलं. भिंतीवर नेमकं हुद्द्यांच्या उतरंडीच्या तळाशी.

"ती फुलं उचलून आणू?" त्यांनी विचारलं.

"निम्मी आणा. कॅप्टनही कुणाचा तरी आहे."

त्या फुलं घेऊन आल्या, नावावर तळवा ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आजोबा, आईनं पाठवलंय."

सुभेदार शिपायाला आधी सॅल्यूट करत नाही. मी केला. हात खाली घेण्याआधी माझ्या कंपनीतले दोघे, जे बर्फातून परत आले नाहीत, त्यांचीही नावं मोठ्यानं घेतली. नाईक मोरे. शिपाई गुरव.