चौकोनी आस

फोन आला तेव्हा मी तासगावच्या शेडवर बेदाणा चाळत होतो. "शैलाताई गेल्या," तिच्या कचेरीतले सहकारी म्हणाले. मी म्हणालो, "कुठं गेली? रविवारी मी येतोय म्हणावं, चाळणी घेऊन." त्यांनी तेच पुन्हा, सावकाश सांगितलं... मग कळलं. हृदय बंद पडलं होतं.

शैला माझी धाकटी बहीण. द्राक्षाच्या गावातली पोर, आणि नोकरी कुठं, तर कोकणात, सरकारच्या मासे संशोधन केंद्रात! बंदरावर उतरलेला एकेक मासा पट्टीनं मोजायची, वहीत लांबी लिहायची. "मापं घ्यायला तू शिंपी हायस का गं?" मी चिडवायचो. एकदा फोनवर कासावीस होऊन म्हणाली, "दादा, हितं आस लय लहान हाय." मला वाटलं, पोरगी खचली. "आस सोडू नगंस, शैले," म्हणत मी अर्धा तास धीर दिला. ती हसून हसून बेजार. "आरं दादा, जाळ्याच्या छिद्राला आस म्हणत्यात! त्यातनं पिल्लं निसटाय पायजेत. न्हाईतर फुडं समुद्रात उरंल काय?"

यंदा बेदाण्याच्या हंगामात घरी आली, तर चाळणीपाशी तासभर उभी! म्हणाली, मासेमारीचं जाळं ओढलं की तिरपे आस मिटतात, चौकोनी उघडे राहतात. बोटवाल्यांना हे कागदावर पटत नव्हतं. आमच्या चाळणीची जाळी चौकोनी. कितीही ओढा, हलवा, बारका दाणा खाली पडतोच. "ही दे मला. बैठकीत दावते." मी म्हणालो, "काम उरकलं की आणून देतो." काम उरकेना, मग गाडी बिघडली, मग पाहुणे... अरे, शेडवर चार चाळण्या पडून होत्या! एक उचलून द्यायला काय धाड भरली होती मला? स्वतःचाच राग राग येतो.

महिन्याभरानं चाळणी घेऊन बंदरावर गेलो. बैठकीत एका म्हाताऱ्या बोटमालकानं ती हातात घेतली, हलवली, छिद्रांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही दादा ना? ताई दर बैठकीला सांगायच्या, दादा चाळणी आणणार आहे."

मला तिथं बसवेना. केंद्रातल्या तिच्या खोलीत गेलो. टेबलाशेजारी भिंतीवर तिनं खिळा ठोकून ठेवला होता, रिकामा. चाळणी त्याला अडकवून आलो... तरी रविवार उजाडला की मी अजून गाडीची किल्ली शोधतो.