आमच्या रिंगला एसी, आम्हाला पंखा

साकीनाक्याच्या एका गाळ्यात मी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने धातू कापणारं मशीन चालवते. डिप्लोमा मेकॅनिकलचा, आणि गाळ्यात बाई मी एकटीच. आमचं मुख्य काम पंपांचे सुटे भाग. इमारतीच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला एक बुश लागतं, ते आम्ही करतो. ते झिजलं की पंप ओरडायला लागतो, सोसायटीचा सेक्रेटरी त्याहून मोठ्याने ओरडतो, आणि आमच्याकडे ऑर्डर येते. असं आमचं शांत चाललं होतं.

मग एका उन्हाळ्यात मालकांनी नवीन ड्रॉइंग आणलं. मालक इथल्याच जुन्या गावठाणातले, वडिलोपार्जित भातशेतीच्या जागी आता इमारती बघणारे. आम्ही त्यांना सर म्हणतो. त्यांनी ड्रॉइंग टेबलावर पसरलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "छोटीशी रिंग आहे. आठवड्यात उडवून टाकू."

रिंग खरंच छोटी होती, बोटातल्या अंगठीएवढी. पण मापात चूक किती चालेल, तर माणसाच्या केसाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी. कशासाठी हवी आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पहिला लॉट मी जीव ओतून केला. गिऱ्हाइकाचे तपासनीस आले. सडपातळ, बोलायला गोड आणि स्वभावाने वाळलेल्या लिंबासारखे. त्यांनी रिंगा मोजल्या आणि सगळ्या बाजूला सारल्या.

"साहेब, माझं माप बरोबर आहे," मी म्हणाले.

"बरोबर आहे ना. पण कुठल्या तापमानाला?"

मी पंख्याकडे बघितलं. पंखा गरम हवा फिरवत होता.

"स्टील गरम झालं की फुगतं, ताई. वीस डिग्रीला मोजायचं."

साकीनाक्याला मे महिन्यात वीस डिग्री फक्त बर्फाच्या गोळ्यात मिळते. मालकांनी कपाळाला हात लावला आणि दोन दिवसांनी ऑफिसच्या कोपऱ्यात काचेची खोली करून तिला एसी बसवला. तिथे रिंगा रात्रभर थंड व्हायच्या आणि सकाळी मी त्या मोजायचे. बाकी सगळे बाहेर घामाघूम. मग गाळ्यातल्या प्रत्येकाला अचानक रिंगांची काळजी वाटायला लागली. जो तो दार उघडून विचारायचा, "बऱ्या आहेत ना गं?" आणि पाच मिनिटं तिथेच उभा राहायचा.

दुसरा लॉट तपासनिसांनी भिंग लावून बघितला. दोन रिंगांवर बोटांचे ठसे निघाले. घामात मीठ असतं, मीठ धातू खातं, म्हणून हातमोजे सक्तीचे झाले. याचा सगळ्यात जास्त राग आला आमच्या काकांना. काका म्हणजे आमचे जुने टर्नर, देवगडकडचे, गिरणीत उमेदवारी करून इकडे आलेले. चाळीस वर्षं त्यांनी उघड्या हातांनी काम केलेलं.

"घाम काय माका इचारून येता?" ते म्हणाले आणि पांढरे मोजे चढवून दिवसभर लग्नातल्या बँडवाल्यासारखे फिरले.

तिसऱ्या लॉटला कडेला बर सापडली. धातू कापताना जे बारीक कुसळ राहतं ना, ते. बोटाला लागत नव्हती, डोळ्याला दिसत नव्हती, पण तपासनिसांना दिसली. मला रडू यायचं बाकी होतं. चहा पिताना मी त्यांना विचारलंच, "एवढं काय आहे हो हे? पंपाला तर आम्ही याच्या दसपट फरक चालवतो."

त्यांनी कप खाली ठेवला. "पंप बिघडला तर तुम्ही माणूस पाठवता. वर कोण जाणार? एका बाजूला ऊन भाजतं, दुसरी बाजू गोठते, त्याआधी सगळं गदागदा हलतं. आणि दुसरा चान्स नाही."

"वर म्हणजे?"

"मी काही बोललो नाही," ते म्हणाले आणि बिस्किट बुडवलं.

चौथा लॉट पास झाला. सहा रिंगा स्पंजच्या डबीत बसून निघून गेल्या, आणि आम्ही पुन्हा बुश कापायला लागलो.

बरेच महिने गेले. एका शुक्रवारी तपासनिसांचा मालकांना फोन आला, "उद्या सकाळी टीव्ही बघा," एवढाच. पेपरात बातमी होतीच. रॉकेटची चाचणी होती. टोकावर माणसं बसायची ती कुपी, पण या वेळी रिकामी. रॉकेट वर जाताना बिघडलंच तर आतली माणसं कशी वाचवायची, त्याची तालीम. कुपी मध्येच सुटणार, पॅराशूट उघडणार आणि समुद्रात पडणार.

मी घरी आईला सांगितलं आणि तिथेच चुकले. आम्ही वाकोल्याला राहतो. आईने जिन्यातच चार घरं गाठली. शनिवारी सकाळी मी निघाले तेव्हा आमच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या जात होत्या.

गाळ्यात मशीनं बंद ठेवून आम्ही ऑफिसच्या कॉम्प्युटरपुढे गर्दी केली. उलटी गिनती सुरू होती. दहा, नऊ, आठ... आणि काही सेकंद उरलेले असताना घड्याळ थांबलं. रॉकेट जागेवर.

"तेंची लाइट गेली काय गो?" काका म्हणाले.

कुणी हसलं नाही. सहा नंबरच्या रिंगची कड मी पुन्हा एकदा घासली होती. जास्त घासली गेली का? तेवढ्यात फोन वाजला. आई.

"अगं, थांबलं की ते! तू काही केलंस का?"

"आई, मी काय रिमोट घेऊन बसलेय?"

"सगळ्या बसल्यात गं इथे. काय सांगू?"

"चहा दे त्यांना," मी म्हणाले आणि फोन ठेवून कपाटाकडे पळाले. तपासणीची फाइल काढली. सहा नंबरचा कागद जागेवर नव्हता. मी फाइल पुन्हा पहिल्या पानापासून चाळायला लागले.

"हा शोधतेस का?" मागून मालकांचा आवाज आला. त्यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. "कालपासून खिशात आहे. झोप नाही मला."

आम्ही दोघांनी तो कागद तिथेच उभं राहून वाचला. माप बरोबर होतं. पुन्हा वाचला. तरी बरोबर होतं.

परत आलो तर पडद्यावर सांगत होते, कुठलंसं एक रीडिंग कॉम्प्युटरला पटलं नाही म्हणून त्याने स्वतःच सगळं थांबवलं, आता दुरुस्त झालंय. मी काकांना समजावलं की आपलं मशीन दार उघडं असलं की थांबतं, तसंच.

"मग शाणा हा," काका म्हणाले.

गिनती पुन्हा सुरू झाली. पाच, चार, तीन, आणि आमच्या पडद्यावर गोल गोल चक्र फिरायला लागलं. नेट अडकलं! मालकांनी वायर हलवली, कुणी टेबल ठोकलं. इतक्यात शेजारच्या पॉवरप्रेसच्या गाळ्यातून आरोळी आली, टाळ्या, शिट्ट्या. त्यांच्याकडे टीव्ही होता. आमचं रॉकेट अजून जमिनीवरच होतं आणि आम्ही एकमेकांना मिठ्या मारत होतो. मागाहून ते आमच्याकडेही उडालं. कुपी सुटली, पॅराशूटं फुलली आणि ती हळूहळू निळ्या पाण्यात टेकली.

काका पुढे सरकले. "खारा पाणी? माका हात लावूक दिलंस नाय, आणि ही थेट दर्यात?"

आता मात्र सगळे हसले. मालक हसता हसता डोळे पुसत होते. मग त्यांनी लगेच तपासनिसांना फोन लावला आणि स्पीकरवर विचारलं, "साहेब, आमची रिंग ह्याच्यात होती ना?"

"सांगता येणार नाही," तिकडून उत्तर आलं. "पण अभिनंदन."

होती की राखीव म्हणून कुठल्या कपाटात पडली होती, ते आम्हाला आजही माहीत नाही. दुपारी गोरेगावच्या एका सोसायटीची बुश द्यायची होती, म्हणून मशीनं चालू केली.

संध्याकाळी घरी गेले तर दोन-तीन शेजारणी अजून बसल्याच होत्या. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी विचारलं, "केवढं गं तुझं सामान?" मी बोटाने दाखवलं. त्यांचा चेहरा जरा पडला.

"आणि कुठे बसवलं होतं ते?"

"मावशी, खरं सांगू का, आम्हाला काही..."

"उजव्या बाजूला," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मला दिसलं."