‘निघालो’ नावाचं बटण

“मॅडम, तुमचं अ‍ॅप म्हनतंय ट्रक निघाला. मंग तो हवेत हाय का?”

फोनवर भानुदासराव होते. वाटूरला त्यांचं सिमेंट-सळईचं दुकान आहे. सकाळी त्यांना अ‍ॅपवर हिरव्या अक्षरांत ‘ट्रक निघाला’ असं दिसलं. त्यांनी माल उतरवायला हमाल बोलावले, ज्याचं बांधकाम चालू होतं त्या गिऱ्हाइकाला साइटवर थांबवून ठेवलं. आता दुपार कलायला आली होती. जालन्याहून वाटूर काही परदेशात नाही.

मी ऑफिसच्या खिडकीतून खाली पाहिलं. त्यांचा ट्रक आमच्या मिलच्या आवारातच उभा होता. क्रेनखाली, अर्धा भरलेला. ड्रायव्हर काशिनाथ टायरला टेकून मोबाइलवर व्हिडिओ बघत होता.

“बघते,” मी म्हणाले. ‘बघते’ या शब्दाचा अर्थ जालना जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे भानुदासराव आणखी चिडले.

“हमाल सकाळपासून तंबाखू मळून राह्यले माझ्या दारात. अजून एकदा पाह्यतो. पुन्हा असं झालं तर मी हे अ‍ॅप काढून टाकतो आन् पहिल्यासारखा फोन करतो. बराबर हाय का न्हाई?”

बराबर होतं, आणि अडचण तीच होती. कारण अ‍ॅप वापरून बघायला तयार झालेले ते पहिले आणि त्या वेळी एकमेव डीलर होते. ते गेले असते तर अ‍ॅप गेलं असतं, आणि अ‍ॅप गेलं असतं तर मी.

मी जालना एमआयडीसीतल्या एका री-रोलिंग मिलमध्ये काम करते. री-रोलिंग म्हणजे लोखंडाचे जाड दांडे भट्टीत लाल करायचे आणि रोलरमधून दाबत दाबत त्यांची सळई करायची. माझा सळईशी संबंध फक्त ती बाहेर पाठवण्यापुरता. डिस्पॅच विभागात मी बरीच वर्षं काढली. डिस्पॅचचं काम कागदावर मोठं दिसतं, पण खरं काम एकच: दिवसभर फोन उचलून ‘ट्रक कुठंय’ या प्रश्नाचं उत्तर देणं.

मग आमचे छोटे शेठ, म्हणजे मालकांचे चिरंजीव, पुण्यात शिकून परत आले. येताना त्यांनी एक लॅपटॉप, एक दाढी आणि ‘आपल्याला एक अ‍ॅप पाहिजे’ ही कल्पना आणली. अ‍ॅपला प्रॉडक्ट मॅनेजर लागतो, हेही तेच म्हणाले. पुण्यातल्या उमेदवारांच्या मुलाखती झाल्या. जालन्यात बसायचं म्हटल्यावर प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी, घरून काम चालेल का? शेवटी छोट्या शेठनी मला बोलावलं.

“मॅडम, तुम्हाला प्रोसेस माहीत आहे. तुम्हीच व्हा.”

“प्रॉडक्ट मॅनेजर करतो काय?”

“अ‍ॅपमध्ये काय असावं, काय नसावं ते ठरवतो. वापरणाऱ्याचं ऐकतो, डेव्हलपरला समजावतो, माझ्याशी बोलतो.”

म्हणजे सुनेचं काम. मी हो म्हणाले.

“पगार, पोस्ट, सगळं लेखी देऊ,” शेठ म्हणाले. “आधी एका डीलरकडे नीट चालू द्या, मग ऑर्डर काढतो. नाही चाललं तर पुण्याच्या कंपनीला काम देऊन टाकू.”

दुसऱ्या दिवशी डिस्पॅचमधल्या माझ्या खुर्चीवर नवीन माणूस बसला. ही तत्परता मी त्या कंपनीत पहिल्यांदाच पाहिली. परत जायला जागा उरली नव्हती, हे मला तेव्हा कळलं आणि रात्री जेवण गेलं नाही.

एमआयडीसीत प्रॉडक्ट म्हणजे सळई. त्यामुळे पहिले काही दिवस मला ओळखीचे-अनोळखी लोक ‘मॅडम, बारा एमएमचं प्रॉडक्ट भेटंल का’ असं विचारत. सासूबाईंनी तर शेजारी सांगून टाकलं की सून आता लोखंड बनवते. मी दुरुस्त करायला गेले, पण मला स्वतःलाही धड सांगता येईना, तेव्हा सोडून दिलं.

डबा खाताखाता मी एक ऑनलाइन कोर्स सुरू केला. त्यातले शब्द भारी, अर्थ घरचेच. स्टेकहोल्डर म्हणजे ज्याला विचारलं नाही तर जो रुसतो तो. लग्नघरात वावरलेल्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही. रोडमॅप म्हणजे कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर याची मांडणी. ती शेठचा पुढचा फोन येईपर्यंत टिकते. आणि सगळ्यात महत्त्वाचा धडा होता, वापरणाऱ्याच्या भाषेत बोला.

हा धडा मला फार आवडला. आमच्या डेव्हलपरनं, संभाजीनगरच्या सौरभनं, ड्रायव्हरसाठी बटण ठेवलं होतं ‘डिस्पॅच्ड’. मी म्हटलं, अरे, आमचे ड्रायव्हर असं बोलतात का? ते म्हणतात ‘निघालो’. बटणावर ‘निघालो’ लिही. ड्रायव्हरनं ते दाबलं की डीलरला दिसेल, ‘ट्रक निघाला’. छोट्या शेठना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याचा फोटो काढून पुण्याच्या मित्रांना पाठवला. “एकदम लोकल,” ते म्हणाले. मीही दोन दिवस ताठ मानेनं फिरले.

आणि आता ते लोकल बटण भानुदासरावांच्या हमालांना तंबाखू मळायला लावत होतं.

मी खाली गेले. काशिनाथ धावडा गावचा. ट्रक चालवायला वाघ, पण बोलायला गाय.

“काशिनाथभाऊ, सकाळी ‘निघालो’ दाबलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“घरी, ताई. अंघोळीला पानी काढून राह्यलो होतो.”

“मग दाबलं कशाला?”

“निघायचंच होतं ना.”

“निघायचं होतं. निघाला नव्हतात.”

काशिनाथनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. “ताई, मनातून तर मी बिलकुल निघाल्तो. मालकाला उगं टेन्शन कामून द्यायचं?”

मी बाकीच्या ड्रायव्हरांनाही विचारलं. कुणी चहाच्या टपरीवरून दाबलं होतं, कुणी टायरमध्ये हवा भरताना, एकानं तर ट्रक कुठला मिळणार हे ठरायच्या आधीच. एकालाही आपण काही चुकीचं केलं असं वाटत नव्हतं. मला त्यांचा राग आला, आणि राग कुणावर काढावा तेच कळेना, कारण बटणावरचा शब्द माझाच होता.

छोट्या शेठकडे उपाय तयार होता. “जीपीएस लावा. ड्रायव्हरचा मोबाइल जिथं, ट्रक तिथं. माणूस खोटं बोलेल, लोकेशन बोलणार नाही.”

सौरभनं ते जोडलं. पुढच्या खेपेला अ‍ॅपनं ट्रक एमआयडीसीतून निघताना दाखवला, रस्त्यानं सरकताना दाखवला आणि वाटूरला पोचलेलाही दाखवला. मी खुशीत भानुदासरावांना फोन केला.

“पोचला ना माल?”

“पोचला,” ते म्हणाले. आवाज फारच शांत होता. “काशिनाथचा मोबाइल पोचला. एक पिकअपवाला देऊन गेला. म्हनला, काशिनाथ मागून यायलाय, क्रेनला टाइम लागून राह्यला. मोबाइल आधी पाठवला, तुमच्याकडं लेट दिसू नये म्हनून.”

मी उठून खिडकीतून खाली पाहिलं. ट्रक क्रेनखालीच होता.

“मॅडम, मोबाइल स्लॅबमध्ये टाकू का मी?”

त्या दिवशी शेठनी पुण्याच्या कंपनीला फोन लावला. माझ्यासमोरच लावला, स्पीकरवर. त्या कंपनीचा माणूस फार गोड बोलत होता. उद्या सकाळी मीटिंग घेऊ आणि ठरवू, असं शेठ मला म्हणाले. घरी येऊन मी भाकरी थापत बसले आणि दोन करपवल्या. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. त्यानं करपलेली भाकरी गुपचूप खाल्ली, म्हणजे त्याला कळलं होतं.

सकाळी मीटिंगला मी होते, सौरभ होता, वजनकाट्यावरचे देवराव होते आणि अकाउंट्सचे दोघे. शेठ नव्हते. वेळ झाली तशी मी त्यांना फोन लावला.

“निघालोय मी,” शेठ म्हणाले. “तुम्ही बसा, आलोच.” त्यांच्या आवाजामागे कुकरची शिट्टी झाली.

मी फोन ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, शेठ निघालेत. त्यावर जे झालं ते याआधी शेकडो वेळा माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं, पण मी कधी नीट बघितलं नव्हतं. देवराव उठून काट्याकडे गेले. अकाउंट्सच्या दोघांनी चहा मागवला. सौरभनं लॅपटॉप उघडून दुसरंच काम काढलं. शेठ निघालेत म्हणजे अजून अंघोळ, नाश्ता आणि पूजा बाकी आहे, हा हिशेब प्रत्येकानं मनातल्या मनात केला होता.

तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. ‘निघालो’ हे आपल्याकडे कुठल्या हालचालीचं नावच नाही. तो धीर देण्याचा शब्द आहे. समोरच्यानं वाट बघत झुरू नये म्हणून आपण तो देतो, जसं घोटभर पाणी देतो. फोनवर तो ऐकला की ऐकणारा त्यातून योग्य तेवढं वजा करतो. भानुदासरावांनीही आयुष्यभर ते वजा केलं होतं. पण तोच शब्द स्क्रीनवर, हिरव्या अक्षरांत, वेळेसकट दिसला, आणि त्यांना तो खरा वाटला. छापलेल्यातून वजा करायची आपल्याला सवय नाही. मी वापरणाऱ्याची भाषा घेतली होती, वजाबाकी घ्यायची राहून गेली होती.

शेठ आले तेव्हा आमचा दुसरा चहा झाला होता.

“ट्राफिक,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “शेठ, ड्रायव्हरला काही विचारायचंच नाही. मोबाइललाही नाही. काट्याला विचारायचं.”

काटा म्हणजे आमच्या गेटजवळचा वजनकाटा. ट्रक आत येताना रिकामा तोलला जातो, माल भरल्यावर पुन्हा तोलला जातो. दुसरं वजन झाल्याशिवाय बिल होत नाही आणि बिलाशिवाय गेट उघडत नाही. ते वजन कॉम्प्युटरवर आधीपासूनच चढत होतं. अ‍ॅपला ते कुणी जोडलं नव्हतं, इतकंच. मनातून निघालेल्या ट्रकचं काट्यावर वजन भरत नाही.

“भरलेलं वजन झालं, गेटपास निघाला, की डीलरला दिसेल ‘गेटबाहेर पडला’,” मी म्हटलं. “तेवढंच.”

देवरावांना आपला काटा अ‍ॅपमध्ये जाणार म्हणून आनंद झाला. सौरभ म्हणाला, करता येईल. शेठ दाढी खाजवत म्हणाले, “मग ते ‘निघालो’ बटण काढून टाका.”

“बटण राहू द्या.”

“कशाला? खोटं बटण आहे ते.”

“काढलं तर ड्रायव्हर तेच सांगायला डीलरला फोन करतील. त्यांना ते दाबू द्या. डीलरकडे फक्त वेगळं दिसेल. ड्रायव्हरनं ‘निघालो’ दाबलं की डीलरला दिसणार, ‘तयारीत आहे’.”

शेठ दाढी खाजवायचे थांबले. मग त्यांनी विचारलं, “हे तुम्हाला सुचलं कसं?”

कुकरची शिट्टी माझ्या अगदी जिभेवर आली होती. पण स्टेकहोल्डरचा धडा मला पाठ होता. “कोर्समध्ये होतं,” मी म्हटलं.

पुढच्या खेपेला मी खिडकीत उभी राहून काशिनाथचा ट्रक काट्यावर चढताना पाहिला. गेट उघडलं आणि तो वळून रस्त्याला लागला. मी फोन केला नाही, भानुदासरावांच्या फोनची वाट बघत राहिले. तो संध्याकाळी आला.

“आला माल. हमाल बराबर टायमावर बोलावले, जल्दी उतरला,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “ते ‘तयारीत आहे’ चांगलं हाय, मॅडम. ते दिसलं की मी निवांत जेवून घेतो.”

पुण्याच्या कंपनीचा विषय पुन्हा निघाला नाही. परतूर, मंठा, भोकरदनचे डीलर अ‍ॅपवर आले. काशिनाथ अजूनही अंघोळीआधी ‘निघालो’ दाबतो आणि समाधानानं पाणी काढायला जातो. आता कुणाचंही काही बिघडत नाही. पुढे एका ठिकाणी मला ‘युजर रिसर्च कसा करावा’ यावर बोलायला बोलावलं. मी सांगितलं, लोक काय म्हणतात ते लिहून घ्या, आणि ते ऐकल्यावर शेजारचा माणूस उठून कुठे जातो ते बघा. खरा अर्थ त्या शेजारच्या माणसाकडे असतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बहुतेक त्यांना अजून काहीतरी इंग्रजी अपेक्षित होतं.

राहिली माझी ऑर्डर. पक्की पोस्ट, पक्का पगार, शेठच्या सहीचा कागद. त्याची वाट मी किती बघितली ते माझं मला माहीत. परवा दुपारी एचआरच्या जोशींचा फोन आला.

“मॅडम, अभिनंदन. तुमची ऑर्डर निघाली.”

क्षणभर मला खरंच भरून आलं. मग सवयीनं तोंडातून गेलं, “कुठपर्यंत आलीय?”

“म्हणजे टाइप करायला सांगितलीय. फक्त शेठची सही राहिली.”

“शेठ कुठे आहेत?”

“ते निघालेत घरून.”

मी फोन ठेवला. तेवढ्यात नवऱ्याचा आला. जोशींनी त्यालाही कळवलं होतं. तो मिठाईच्या दुकानात उभा होता आणि पेढे किती घ्यायचे ते विचारत होता.

मी म्हटलं, “घेऊ नका अजून. ऑर्डर तयारीत आहे.”