पूजेतले पान्हे

ती केस आठवली की आजही माझं टाळकं सटकतं. पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. सातारा जिल्ह्यात, डोंगराकडच्या एका ठाण्याला मी फौजदार होतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, दुपारी एका लाकडाच्या वखारीचा मालक ठाण्यात आला. फिर्याद चोरीची. त्याच्याकडं पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत होती, त्या भागात तेव्हा नवलाचीच वस्तू. त्याचं म्हणणं असं, की सगळी हत्यारं पूजेला मांडलेली असताना करवत चालवणाऱ्या गड्यानं ती चोरून रानात नेली आणि स्वतःचा हात तोडून घेतला.

गडी सरकारी दवाखान्यात बेशुद्ध पडलेला आणि हा साळसूदासारखा माझ्यासमोर चहा पितोय. जखमीची चौकशी आधी करायची सोडून याला चोरीच्या फिर्यादीची घाई! फिर्याद लिहून घेतली, पण मनातून खवळलो होतो.

संध्याकाळी गड्याची बायको आली. ती दारातच बसली आणि म्हणाली, "आवं सायेब, माझा धनी चोर न्हाई. वखारवाल्यानं सोता बोलवून नेलंय त्याला. सकाळी फिटरच्या दुकानात त्या करवतीची ठोकाठोकी चालली हुती, त्याला इचारा."

पंचनाम्यासाठी वखारीत गेलो. कुऱ्हाडी, आडव्या करवती, तराजूसुद्धा हळद-कुंकवानं माखलेले. रानातून जप्त केलेल्या त्या करवतीवर मात्र कुंकवाचा ठिपका नाही. पूजेतून उचलली असती तर कुंकू लागलं असतं की नाही? मग चालू असताना तुटून गड्याच्या हातावर आलेली तिची साखळी बघितली. तुटल्या जागी कडीत वाकडा झालेला एक खिळा अडकला होता. हवालदार शेतकऱ्याच्या घरातला. बघताक्षणी म्हणाला, "साहेब, हा बैलाच्या खुराला पत्री मारायचा खिळा हाय."

फिटरला ठाण्यात बोलावलं. हात उगारावा लागला नाही, खिळा टेबलावर ठेवला तेवढ्यानंच तो घामाघूम झाला.

"साखळी जोडायचं हत्यार नव्हतं तुझ्याकडं?"

"हाय की. पण पान्हे, रिबिटा, समदं पूजंला मांडलं हुतं. त्या दिशी उचलत न्हाईत साहेब."

"मग दुसऱ्या दिवशी जोडायची!"

"म्या त्येच म्हनलं. मालक म्हनले, लाकडाची गाडी आजच भरायची हाय. पूजंतलं हलवू नगं, दुसऱ्या कशानं तरी भागव. मग खिळा घातला अन् दगडावर ठोकला."

"गड्याला सांगितलंस?"

"सांगनार हुतो. मालकानं डोळं वटारलं."

ते ऐकून माझ्या मस्तकात तिडीक गेली. पान्ह्याला हात लावला तर देव कोपेल म्हणून भ्यायचं आणि जित्या माणसाच्या हातात तसली साखळी द्यायची! वखारमालकाला समोर बसवलं तर म्हणतो, "रीतभात पाळावी लागती साहेब." मी टेबलावर मूठ आपटली. "आणि खोटी फिर्याद? तीही रीतच का?"

चोरीची फिर्याद खोटी ठरवून अहवाल पाठवला. निष्काळजीपणाचा गुन्हा मालकावर आणि फिटरवर दाखल केला. कोर्टात शिक्षा झाली ती अगदीच किरकोळ, आणि त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे. या केसनं मला एक शिकवलं. जखमी माणूस शुद्धीवर यायच्या आत त्याच्यावर आळ घेऊन कुणी आलं, तर आधी त्या येणाऱ्यालाच खुर्चीत बसवायचं आणि सोडायचं नाही.

गडी दवाखान्यातून सुटल्यावर जबाबाला ठाण्यात आला. उजवा हात मनगटापासून गेलेला. चोरीचा आळ गेलाय म्हणून सांगितलं तेव्हा त्यानं डोळे पुसले. जबाब वाचून दाखवला आणि हवालदारानं सवयीनं शाईचा पॅड पुढं सरकवला. गडी पॅडकडं बघत राहिला.

"सायेब," तो म्हणाला, "मला सही येत हुती."

मी त्याचा डावा अंगठा धरून कागदावर उठवला.