टोपातले उपग्रह

कल्लुतुरात क्लीटसला कुणी खोटारडा म्हणत नाही, कारण तिथे सगळेच खोटं बोलतात. मासा दक्षिणेला लागला तर हात उत्तरेकडे दाखवायचा, ही किनाऱ्याची रीत. रविवारी पाद्र्यासमोर गुडघे टेकून बायकोवर हात उगारल्यापासून ताडी ढोसल्यापर्यंत सगळी पापं ओकायची, पण आपला पार कुठे आहे ते सांगायचं नाही. पाद्रीही विचारत नाही. त्याच्या भावाचीही होडी आहे.

पार म्हणजे समुद्राच्या तळाशी दडलेला खडक. त्याच्या कपारीत तांबोशी मासळी राहते, आणि ज्याच्याकडे पार त्याच्या चुलीला चिंता नाही. क्लीटसचा पार त्याच्या बापाने, पथ्रोसने, उभी हयात घालवून शोधला होता. म्हातारा किनाऱ्याकडे डोळे बारीक करून बघायचा. चर्चचा क्रॉस कुठल्या डोंगराखाली आला, दीपस्तंभ कुठल्या माडांआड गेला, असलं काहीबाही पुटपुटत होडी वळवायचा. क्लीटसला त्या पुटपुटण्याचा भारी कंटाळा. आखातातल्या चुलत्याने हातात मावणारं जीपीएस आणून दिलं, तसं त्याने बापाला एकदा पारावर नेलं, बटण दाबून जागा साठवली आणि त्या दिवसापासून किनाऱ्याकडे पाठ करून बसायला लागला.

म्हातारा पुढे वारला. आता तो पार जगात एकाच ठिकाणी होता, त्या करड्या यंत्राच्या पोटात. कागदावर उतरवायची सोय नव्हती. कागद पनियम्माच्या हाती लागला असता, आणि क्लीटसच्या मते बायकोला सांगणं आणि मासळीबाजारात भोंगा लावणं यात भोंगा बरा, तो निदान मधे थांबतो.

यंत्र म्हातारं झालं होतं. बटणांवरची चित्रं पुसली होती आणि मागचं झाकण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेलं होतं. पण चालत होतं. बिनसलं ते स्टेलस होडीवर आल्यापासून.

स्टेलस म्हणजे क्लीटसच्या धाकट्या बहिणीचा, सेलिनचा नवरा. त्याची होडी लाटांनी खडकावर आपटून फोडली, तेव्हा सेलिन भावाच्या दारात येऊन बसली. बहिणीला नाही म्हणायची क्लीटसची छाती नव्हती. स्टेलस आला. माणूस गरीब, पण डोळे घारीचे. एरवी दुसरी होडी जवळ आली की क्लीटस यंत्रावर पंचा टाकायचा. आता चोर होडीतच बसला होता. मग त्याने डोकं चालवलं. पेजेच्या टोपाशेजारी तसाच दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा टोप ठेवला, यंत्र त्यात, वर झाकण. मधूनच झाकण बोटभर उचलायचं, आत डोकवायचं आणि गंभीर चेहऱ्याने सुकाणू वळवायचं. आत काय, असं स्टेलसने पहिल्याच दिवशी विचारलं.

"लोणचं," क्लीटस म्हणाला.

त्या दिवसापासून यंत्राला उपग्रह दिसेनासे झाले. पडद्यावर उपग्रहांचे उभे खांब भरून यायला हवेत, ते पोकळच. 'शोधत आहे', 'शोधत आहे' एवढंच ते दाखवी. क्लीटस समुद्रभर भटकून रिकाम्या टोपल्या घेऊन परत यायचा. घरी येऊन अंगणात यंत्र बाहेर काढलं की थोड्या वेळाने सगळे खांब भरभरून उभे!

"जमिनीवर शहाणा, पाण्यात येडा," पनियम्मा म्हणाली. "धन्यावर गेलंय."

त्याने नवे सेल घातले. सेलच्या स्प्रिंगा काड्यापेटीच्या कडेने घासल्या. पाद्र्याकडून पवित्र पाणी शिंपडून आणलं, मग तेच पाणी आत गेलं असेल म्हणून यंत्र दिवसभर तांदळात पुरून ठेवलं. शेवटी तो बाजारातल्या विन्सेंटच्या दुकानात गेला. विन्सेंटने दाराशी उभं राहून यंत्र लावलं. खांब भरले.

"याला काही धाड भरलेली नाही. फक्त वर उघडं आकाश हवं याला."

"समुद्रावर आकाशाशिवाय असतं काय रे दुसरं?"

"मग ठेवतोस कुठे?"

"हातात," क्लीटस म्हणाला. सवय कुठे जाते?

विन्सेंटने डोकं खाजवलं. "मग एकच उपाय. आतलं सगळं पुसायचं नि नव्याने सुरू करायचं."

क्लीटसने यंत्र त्याच्या हातातून हिसकावलं. बाप दुसऱ्यांदा पुरायचा त्याचा इरादा नव्हता. रस्त्यात त्याला खरंच रडू आलं, आणि कुणी बघितलं तर डोळ्यात वाळू गेली म्हणायचं हेही त्याने ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी पुन्हा पाण्यात. टोप, झाकण, डोकावणं. पडदा पोकळ. क्लीटस वैतागला, सुकाणू सोडून होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर जाऊन बसला आणि उपग्रह पाठवणाऱ्यांच्या आया-बहिणी काढू लागला. स्टेलसने मुकाट सुकाणू धरलं. ऊन चढलं, तसं त्याने इंजिन बंद केलं आणि मेव्हण्याला हाक मारली.

"अळिया, पेज खाऊन घे. लोणचंही वाढतो थोडं."

क्लीटस ओरडेपर्यंत त्याने झाकण काढलंही होतं. दोघे टोपात बघत राहिले. उघड्या आकाशाखाली खांब एकामागून एक भरत गेले आणि यंत्र टिटिट करून वाजलं. साठवलेली जागा आली की ते असंच वाजायचं.

"लोणचं ओरडतंय," स्टेलस म्हणाला.

क्लीटसला आधी टोपाचं कळलं, यंत्राचं आकाश आपणच झाकत होतो, आणि स्वतःच्या मुस्काटात मारावंसं वाटलं. मग दुसरं कळलं. यंत्र आंधळं होतं, तो स्वतः नाळेवर शिव्या देत होता, आणि होडी बरोब्बर पारावर उभी होती.

"तू होडी इथे कशी आणलीस?"

स्टेलसने किनाऱ्याकडे बोट केलं. "क्रॉस त्या वाकड्या डोंगराच्या खांद्याखाली आला. दीपस्तंभ माडांआड गेला. सासऱ्यांनी दाखवलं होतं."

"माझा बाप? तुला?"

"आजारी पडायच्या आधी. म्हणाले, क्लीटसला यंत्र मिळालंय, तो आता वर बघत नाही. यंत्र मेलं तर पोरगा उपाशी मरेल. तू लक्षात ठेव, पण त्याने विचारल्याशिवाय सांगू नकोस, त्याला राग येईल."

"आणि तू इतकी वर्षं इथे...?"

"एकटा? कधीच नाही. पार तुझा आहे."

क्लीटसला शिवी आठवेना. कल्लुतुरात पार ठाऊक असून त्यावर गळ न टाकणारा माणूस त्याने ऐकलासुद्धा नव्हता. आणि असल्या माणसाला त्याने इतके दिवस लोणचं म्हणून फसवलं होतं. त्याला लाज वाटली, चांगली कानापर्यंत.

तेवढ्यात दुरून एक होडी त्यांच्या रोखाने येऊ लागली. क्लीटसचा हात आपसूक यंत्रावर गेला, झाकण धाडकन बसलं. स्टेलसने पेजेची ताटली वर धरली आणि होडीतला माणूस ऐकण्याइतकं जवळ आल्यावर ओरडला, "काही नाही रे इथे! नुसता वाळूचा तळ! आम्ही पेज खायला थांबलोय!"

शाबास, क्लीटसच्या मनात आलं. घरातलाच माणूस.

होडी निघून गेली. तरी त्याने झाकण काढलं नाही. इतक्या वर्षांनी किनाऱ्याकडे तोंड करून बसला आणि डोळे बारीक केले. डोंगर तीन-चार दिसत होते, सगळेच वाकडे.

"अळिया," तो म्हणाला, "पहिल्यापासून सांग. क्रॉस कुठल्या डोंगराखाली आणायचा?"